गोष्टीचे पुस्तक निवडताना : आपली मुले, मराठी वाचन आणि इंग्रजी

वाचनाचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने पटवून देण्याची गरज नाही. ज्या महामानवाने दादरला 'राजगृह' बांधताना आधी आपल्या ग्रंथांच्या जागेचा विचार केला, त्याचे आपण अनुयायी आहोत. त्यामुळे जयंती असो वा वर्षावासाचा कार्यक्रम, व्यासपीठावरून 'मुलांनो, वाचा' हा उपदेश हमखास होतो. परंतु कार्यक्रम संपल्यावर एखादे मूल जवळ येऊन 'काका, काय वाचू?' असे विचारते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची पंचाईत होते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी, बँकेच्या काउंटरवरील वीस वर्षांची नोकरी आणि दर रविवारी विहारातील पुस्तकांचे कपाट उघडून बसण्याची सवय, एवढीच आमची पात्रता. जे काही लिहीत आहोत ते बरेचसे चुका करूनच शिकलो आहोत. म्हणून सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

एक चुकलेले पुस्तक

काही वर्षांपूर्वी तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक गृहस्थ खाते उघडण्यासाठी आले होते. सोबत नववीतील मुलगी होती. त्या दिवशी हाताशी इंग्रजी छापील अर्जच होता. मुलीने तो वडिलांना घडाघडा वाचून दाखवला. 'नॉमिनी', 'गार्डियन', 'सिग्नेचर', एकही शब्द अडला नाही. आम्ही कौतुकाने विचारले, "गार्डियन म्हणजे काय गं?" मुलगी खाली पाहू लागली. तिला अक्षरे येत होती, उच्चार येत होते. अर्थ येत नव्हता. वडिलांनी मात्र तिच्याकडे ज्या अभिमानाने पाहिले, ते आम्ही विसरू शकत नाही. त्यांना वाटत होते, पोरीला इंग्रजी आले, आता घराचे दार उघडले.

आम्ही तिला रविवारी विहारात बोलावले. ती आली. कपाटात एका दात्याने दिलेला, सोनेरी अक्षरांचा, जाड पुठ्ठ्याचा संक्षिप्त इंग्रजी 'रॉबिन्सन क्रूसो' होता. चांगल्यातले चांगले द्यावे या भावनेने तोच तिच्या हाती दिला. दोन रविवारांनी तिने तो परत आणला. 'छान आहे' म्हणाली. आत खुणेसाठी घातलेली झाडाची काडी तिसऱ्या पानावर तशीच होती. त्यानंतर ती आली नाही.

दोष तिचा नव्हता, पुस्तकाचाही नव्हता, निवडणाऱ्याचा होता. पुस्तक चुकले तर कागद वाया जातो असे आपण समजतो. प्रत्यक्षात मूल वाया जाते. 'मला येत नाही' हा धडा ते त्या पुस्तकातून शिकते, आणि तो एकच धडा त्याच्या पक्का लक्षात राहतो.

आपल्याच मातीतील वारसा

मुलांना काय द्यावे याचा विचार आपल्या भागात फार पूर्वी झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर स्थिरावले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी. मुले गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणात भरवावी, हा त्यांचा विचार. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया घेऊन त्यांनी शिकवले. अनुताई १९९२ साली निवर्तल्या. परंतु मूल जिथे उभे आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यांचे सूत्र पुस्तके निवडतानाही तितकेच लागू पडते.

ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका हे गुजरातीतील मोठे बालशिक्षक. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील मास्तर वर्गात शिरल्यावर धडा घेत नाही, गोष्ट सांगू लागतो; आणि छडीने शांत न होणारा वर्ग गोष्टीने शांत होतो. पुढे तो वर्गातच छोटेसे वाचनालय उभे करतो. आधी गोष्ट कानाला, मग पुस्तक हाताला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पहिली पायरी : कळणारी भाषा

डहाणू-तलासरीच्या मुलाला किती भाषा सांभाळाव्या लागतात याचा आपण क्वचितच विचार करतो. पाड्यावर वारली किंवा अन्य बोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात आणि उंबरगावच्या कारखान्यांत गुजराती, दूरदर्शन संचावर व मोबाइलवर हिंदी, आणि या सर्वांच्या वर इंग्रजी. आपल्या समाजातील काही घराणी मूळची इथलीच, काही नोकरीनिमित्त विदर्भ-खानदेशातून आलेली. त्यांच्या घरातील बोली आणखी निराळी.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. मूल लवकर इंग्रजी ऐकू लागले ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याचा अर्थ अनेक पालकांनी असा घेतला की आता मराठी गोष्टींची गरज उरली नाही. हा गैरसमज घातक आहे. गोष्ट समजणे ही एक स्वतंत्र कला आहे. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, पात्राच्या मनातले ओळखणे, एका घटनेचा दुसरीशी संबंध लावणे, हे सारे मूल कळणाऱ्या भाषेतच शिकते. आणि एकदा शिकले की ते दुसऱ्या भाषेत सोबत नेते. ज्याला मराठीत गोष्ट कळत नाही, त्याला इंग्रजीत फक्त अक्षरे दिसतात.

म्हणून आमचा आग्रह असा : गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी, मग मराठीत वाचून दाखवावी आणि त्यानंतर तीच गोष्ट इंग्रजीत द्यावी. कथानक ठाऊक असल्याने मुलाचे अर्धे ओझे उतरते आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ ते स्वतः लावू लागते. स्वतः लावलेला अर्थ विसरत नाही.

दुसरी पायरी : शब्दांचा हिशेब

इंग्रजी पुस्तक मुलाच्या आवाक्यात आहे की नाही, हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. पुस्तकातील मधले एखादे पान मुलाला वाचायला सांगावे. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्यापूर्वी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. एक-दोन बोटे मिटली, तर पुस्तक योग्य. एकही मिटले नाही तरी हरकत नाही. सोपे वाचल्यानेच वेग येतो.

यामागे साधे गणित आहे. भाषेच्या अभ्यासकांच्या मते आधाराशिवाय गोष्ट आनंदाने वाचायची, तर शंभरातील सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. पंच्याण्णव असले तर जेमतेम निभावते. नव्वद म्हणजे परीक्षेत उत्तम. पण वाचनात शंभर शब्दांच्या पानावर दहा खड्डे! अशा रस्त्यावर गाडी कोण चालवील?

ही दृष्टी देणाऱ्यांपैकी एक मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक आपल्याच उपखंडात, ढाक्याला होते. बंगाली मुलांना शिकवताना त्यांच्या ध्यानात आले की पुस्तकांत कठीण शब्दांची गर्दी असते आणि नेहमी लागणारे शब्द पक्के होतच नाहीत. त्यांनी मोजक्या शब्दांत, नवा शब्द पुन्हा पुन्हा येईल अशा रीतीने वाचनमाला तयार केली. १९५३ साली त्यांनी इंग्रजीतील अत्यंत उपयुक्त अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आज 'ग्रेडेड रीडर' म्हणून जी पायरीवार पुस्तके मिळतात, त्यांचे मूळ या विचारात आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. 'संक्षिप्त' पुस्तक निराळे आणि 'सोपे केलेले' पुस्तक निराळे. संक्षिप्तात फक्त पाने कमी होतात, शब्द तेच कठीण राहतात. आम्ही त्या मुलीला जे दिले ते संक्षिप्त होते. खरेदी करताना मुखपृष्ठ न पाहता मधले पान पाहावे, ते याचसाठी.

सोप्या गोष्टींनी खरोखर इंग्रजी सुधारते काय, अशी शंका पालक घेतात. त्याचे उत्तर फिजी बेटांवर मिळाले. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोघांनी तेथील खेड्यांतील शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे अडीचशे सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके पुरवली. त्या मुलांच्याही घरची भाषा इंग्रजी नव्हती. काही वर्गांत मुले नुसती वाचत, काही वर्गांत शिक्षक वाचून दाखवून गप्पा मारीत. आठ महिन्यांनी पाहिले, तर वाचून आणि ऐकून समजण्यात या मुलांची प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झाली होती. डोंगराळ, खेडवळ भाग असला म्हणजे इंग्रजी येणारच नाही, असे समजणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

तिसरी पायरी : गोष्टीत कोणाचे घर आहे?

भाषा सोपी असली म्हणजे पुस्तक योग्य ठरले असे नव्हे. गोष्टीत कोण आहे हेही पाहिले पाहिजे. राजकन्या नेहमी गोरी, राक्षस नेहमी काळा, जंगलात राहणारा नेहमी रानटी, नोकर नेहमी मूर्ख, अशा गोष्टी वाचून आपल्या मुलांनी स्वतःला कुठे शोधायचे? त्या 'रॉबिन्सन क्रूसो'चेच पाहा. बेटावर भेटलेल्या माणसाला क्रूसो स्वतःच 'फ्रायडे' हे नाव देतो आणि त्याला 'मास्टर', म्हणजे 'मालक', म्हणायला शिकवतो. त्याचे मूळ नाव काय, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. वेठबिगारीचा इतिहास असलेल्या तालुक्यातील मुलीला आम्ही कौतुकाने हे पुस्तक दिले होते!

अशी पुस्तके जाळावीत किंवा लपवावीत असे आमचे मत नाही. ती मोठ्या वयात, चर्चेसह वाचावीत. 'फ्रायडेचे खरे नाव काय असेल?' हा प्रश्न दहावीच्या मुलांना विचारून पाहावा. एक तास सहज जाईल. परंतु पहिले पुस्तक म्हणून ती देऊ नयेत.

हाच विवेक आपल्या जातककथांनाही लावावा. पाली जातकांत ५४७ कथा आहेत. दुर्गा भागवत यांनी त्या 'सिद्धार्थ जातक' या नावाने मराठीत आणल्या. मृग, वानर, हत्ती, पक्षी यांच्या कथा मुलांना अतिशय आवडतात आणि त्यांची सोपी इंग्रजी रूपांतरेही मिळतात. परंतु जातक म्हटले की डोळे मिटून द्यावे असे नाही. काही कथांत स्त्रियांना सरसकट दोष दिलेला आहे. त्या लहान मुलींच्या हाती देण्यात काय अर्थ? उलट चांडाळ कुळात जन्मलेल्या मातंगाची कथा असलेले मातंग जातक आवर्जून सांगावे. आणि शेवटी 'तात्पर्य' लिहून घेण्याची सक्ती करू नये. गोष्ट मुरू द्यावी. अर्थ मूल आपल्या वेळेने काढते.

वयोगटाप्रमाणे काही सूचना

शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलांसाठी मोठी चित्रे आणि पानावर एक-दोन वाक्ये पुरेत. माधुरी पुरंदरे यांची मराठी पुस्तके या वयासाठी उत्तम. त्यांतील घर, आजी, शेजार खरा वाटतो. इंग्रजीसाठी चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ साली काढलेले 'डू!' हे पुस्तक आमच्याकडे सर्वांत जास्त फिरले आहे. इंग्रजी क्रियापदे त्यात वारली चित्रांतून दाखवली आहेत. जिव्या सोमा मशे यांच्या गंजाडजवळच्या मुलाला ती माणसे ओळखीची वाटतात. घराच्या भिंतीवरील चित्र पुस्तकात पाहून एक चिमुरडा ओरडला होता, "ही तर आमची!" त्या दिवशी इंग्रजी त्याला परके राहिले नाही.

तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी प्रथम बुक्सची पायऱ्या लावलेली पुस्तके सोयीची आहेत. २०१५ पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, इंग्रजी आणि इतर अनेक भाषांत विनामूल्य मिळते. छापूनही घेता येते. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके स्वस्त असतात. आमच्या लहानपणीचा 'चांदोबा' आता निघत नाही. परंतु १९७१ साली सुरू झालेल्या बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचता येतात.

आठवीपासून पुढे रस्किन बाँड यांचे 'द ब्लू अम्ब्रेला' द्यावे. डोंगरातल्या गरीब मुलीची, तिच्या निळ्या छत्रीची आणि त्या छत्रीचा मोह पडलेल्या दुकानदाराची ही छोटी गोष्ट. इंग्रजी सरळ आणि मनाला भिडणारे.

नववी-दहावीनंतर आमच्या मते प्रत्येक मुलाने बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेच पाहिजे. ही कल्पित कथा नाही, आठवणी आहेत. परंतु वाचताना गोष्टीसारखी पकड घेते. १९०१ साली नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले स्टेशनावर उतरतात, न्यायला कोणी येत नाही, दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळते तीही स्वतः हाकायची, आणि शिदोरी असूनही पाण्यावाचून उपाशी झोपायचे. वाक्ये आखूड, शब्द नेमके. इंग्रजी ही केवळ साहेबाची भाषा नाही, आपले दुःख जगाला सांगण्याचीही भाषा आहे, हे मुलांना येथे समजते.

इंग्रजी सुधारू इच्छिणाऱ्या प्रौढांनी मूळ मराठी पुस्तक आणि त्याचा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून वाचावा. बाबुराव बागूल यांचा १९६३ सालचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आणि दया पवार यांचे 'बलुतं' या दोन्हींचे जेरी पिंटो यांनी केलेले इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत. आपल्या तालुक्यांचा इतिहास सांगणारे गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आले आणि १९७५ मध्ये 'आदिवासीज रिव्होल्ट' या नावाने इंग्रजीत आले. अगोदर मराठी एक प्रकरण, मग इंग्रजी तेच प्रकरण. शब्दकोश फार उघडावा लागत नाही.

नोंदवही काय सांगते?

आम्ही पुस्तकांची नोंदवही बँकेच्या खतावणीसारखी ठेवतो. प्रत्येक पुस्तकाचे एक खाते; किती वेळा गेले, किती दिवसांनी आले. वर्षअखेरीस पाहिले तर दात्यांच्या नावांची सुंदर चिठ्ठी लावलेली कित्येक पुस्तके जागची हललेली नसतात. आमच्या भाषेत ही थकीत खाती. उलट पाने सुटलेली, कोपरे झिजलेली पुस्तके हीच खरी ठेव. फाटलेल्या पुस्तकाबद्दल मुलाला कधीही दंड करू नये.

आपल्याकडे दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बोटींवर किंवा वसई-भिवंडीकडे कामाला जातात. मुले सोबत जातात. पुस्तक हरवेल या भीतीने आम्ही पूर्वी त्यांना पुस्तके देत नसू. आता दिवाळीपूर्वी पातळ अशी दोन-तीन पुस्तके मुद्दाम देतो. काही परत येत नाहीत. न वाचता कपाटात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकापेक्षा वीटभट्टीवर हरवलेले पुस्तक अधिक कामी आले, असे आम्ही समजतो.

सभासदांना एक नम्र विनंती. सत्कारासाठी शाली आणि पुष्पगुच्छ आणण्याऐवजी एकेक पुस्तक द्यावे. मात्र घरातील नकोसे झालेले गाइड किंवा जाडजूड ग्रंथ नको. देण्यापूर्वी मधले पान उघडून स्वतःला एकच विचारावे : हे माझ्या घरातील मुलाने आवडीने वाचले असते काय?

ती मुलगी पुन्हा विहारात आली नाही. दहावीनंतर ती कारखान्यात जाऊ लागली असे कळले. तिचा धाकटा भाऊ मात्र गेल्या वर्षापासून येतो. पातळ इंग्रजी पुस्तके नेतो, आठवड्यात आणून देतो. मध्यंतरी एका पुस्तकात कागदाचा चिटोरा राहिला होता. त्यावर आठ-दहा इंग्रजी शब्द आणि पुढे मराठी अर्थ लिहिले होते. अक्षर त्या पोराचे नव्हते. वळणदार, मोठ्या माणसाचे होते. आम्ही त्याला काही विचारले नाही. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा एकाऐवजी दोन पुस्तके दिली. एक त्याच्या वयाचे, आणि एक जरा मोठ्यांचे.